बंद करण्याचं कारण

गोविंदा नाईक तांडा,
ता. मालेगाव, जि. वाशिम
९ नोव्हेंबर २०२४

भिया,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. मला तुझ्याकडून फक्त एक पासवर्ड पाहिजे. बाकी काही मागणार नाही.

तुझा पत्ता राजपालनं दिला. तो तुझा शाळेपासूनचा दोस्त, त्याच्यावर रागावू नको. मी चार वेळा त्याच्या दुकानात जाऊन बसले, तेव्हा कुठं त्यानं लिहून दिला. तुझा नवा फोन नंबर मात्र दिला नाही. म्हणाला, "नंबर देणार नाही म्हणून शबूद देला हाये त्याले. पत्त्याचा नाही देला."

तू पुण्याला जाताना घरी ठेवलेला कॉम्प्युटर अजून तिथंच आहे, खिडकीजवळ, याडीच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. कीबोर्डवर तू चिकटवलेली मराठी अक्षरं काही निघाली, ती मी पुन्हा लिहून चिकटवली. चालतो चांगला, फक्त आवाज येत नाही. कधी आलाच नाही. आम्हाला वाटायचं, स्पीकर मुका आहे. दुसरा आणून लावला, तोही मुकाच. मग मालेगावहून दुरुस्तीवाला आणला. तो पाहून हसायलाच लागला.

"ताई, यात तर सर्व्हरवालं टाकलेलं हाये. हे मोठ्या ऑफिसात चालवतात, बंद खोलीत. तिथं गाणं कोण ऐकते? म्हून त्याचा आवाज पहिल्यापासूनच बंद राह्यते. घरच्या मशीनवर हे कोनं टाकलं?"

मी म्हणाले, माझ्या भावानं. तो शिकत होता तेव्हा.

त्यानं बरंच पाहिलं. पेनड्राइव्ह लावला तर घेत नाही, तोही तू बंद करून ठेवलेला. इंटरनेट तर आपल्या घरी कधी नव्हतंच. म्हणाला, आवाज चालू करायला मोठ्या खात्याचा पासवर्ड लागतो. नसेल तर सगळं पुसून नवं टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

बा बाजेवर पडून ऐकत होता. उठला, भिंत चाचपत आला आणि डब्यावर हात ठेवून उभा राहिला. "पुसाचं नाही," म्हणाला. दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, आईचा व्हिडिओ आहे त्यात, आणि त्याला चहा देऊन लावून दिलं.

तुला आठवत असेल, जायच्या दिवशी तू याडीचा मोबाईलवर व्हिडिओ काढून त्यात टाकला होता. ती पायरीवर बसून तुरीची डाळ निवडते, दीड मिनिटाचा. याडी गेल्यापासून बा रोज दुपारी जेवण झालं की तो लावतो. सहा वर्षं झाली. तिचे ओठ हलतात, आवाज नाही. बा म्हणतो, ती तुला आशीर्वाद देऊन राह्यली, "सुखानं जाय, लवकर ये" म्हणते. त्यानं तिच्या ओठांवरून शब्द लावून घेतलेत.

आता त्याला काचबिंदू झालाय. वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं जेवढी टिकेल तेवढी. त्याचं बाजूचं सगळं गेलंय, मधलं थोडं उरलंय, नळीतून पाहिल्यासारखं. काचेला नाक लावून बसतो. परवा म्हणाला, "निते, तिचं तोंडच सापडत नाही वं मले. आता आवाज तरी लाव."

म्हणून लिहिलं. याडी दवाखान्यात होती तेव्हा बानं तुला बोलावलं नाही, ही त्याची चूक आहे. मी त्याची बाजू घेत नाही. तू त्याच्याशी बोलूही नको. पासवर्ड तेवढा पाठव.

निता


२६ नोव्हेंबर २०२४

भिया,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. आत चिठोरी, तिच्यावर पासवर्ड, दुसरं एक अक्षर नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट फिरवलं. तरी पाठवलास, हे खूप झालं.

काय झालं ते तुला सांगितलंच पाहिजे. तुझाच व्हिडिओ आहे.

दुपार होती. बाहेर ऊन असं पिवळं, मऊ, सोयाबीनचा भुसा उडत होता आणि उन्हात तो थांबल्यासारखा वाटत होता. बा खुर्चीवर. मी तुझ्या खात्यात गेले, दुरुस्तीवाल्यानं फोनवर सांगितलं तसं केलं. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावरची लाल फुली गेली. मग व्हिडिओ लावला.

पहिल्यांदा नुसती डाळ वाजली, सुपात. खसखस, खसखस. बानं मान वर केली. डोळे मिटून घेतले.

मग याडी बोलली. भिया, ती आशीर्वाद देत नाही. ती म्हणते, "बंद कर ते, पोट्ट्या. कोंबडी घरात गेली, हाकल पह्यले." मग तू हसतोस. तुझं हसणं किती बारीक होतं तेव्हा! मग ती म्हणते, "हसतो काय, पिठात तोंड घालून राह्यली ते." आणि शेवटी मान वळवून कुंपणापलीकडं हाक मारते, "नानी! वं नानी! मीठ हाये का थोडं?"

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "हाये वं! आणते!"

मला वाटलं, व्हिडिओतच आहे. पण व्हिडिओ तर संपला होता. दारात पाहिलं तर खरीच नानीबाई उभी, आज सत्तरीच्या पुढची, हातात मिठाची वाटी. तिच्या अंगणात मिरच्या पसरत होती. हाक ऐकली, उठली, घरात गेली, वाटी भरली आणि आली. आमच्या उंबऱ्यात पाय ठेवल्यावर तिला आठवलं. तिथंच खाली बसली. वाटी मांडीवर घट्ट धरलेली.

"संगीताच होती ना?" तिनं विचारलं.

बा म्हणाला, "तेच होती."

आणि मग बा हसायला लागला. खरंच हसला, पोट धरून. "मले वाटे ते लेकराले आशीर्वाद देते. सहा वर्षं मी हात जोडून बसलो तिच्यासमोर. आन ते कोंबडी हाकलते!" नानीबाईही हसली. मी मात्र चुलीपाशी गेले आणि उगाच भांडी सरकवत राहिले.

संध्याकाळपर्यंत त्यानं तो आठ वेळा लावला. शेवटी नानीबाई कुंपणापलीकडून ओरडली, "दौलतसिंग, आता बस कर! माह्या हातातलं काम सुटते."

निता


११ डिसेंबर २०२४

भिया,

हे पत्र लिहू की नको, असा आठ दिवस विचार केला.

आवाज सुरू झाल्यापासून बा बोलका झालाय. दहाएक दिवसांपूर्वी मला म्हणाला, "मी लिहितो ते वीरेंद्र वाचत असन ना?"

मी म्हणाले, "काय लिहितो तू?"

"अवं, बंद करताना मशीन विचारते ना, काहून बंद करता म्हून. मी लिहितो. वीरेंद्रच सांगून गेला, कारण लिहिल्याबिगर बंद करू नको, बा, सगळं सर्व्हरमधी राह्यते. तो सर्व्हरचंच काम करते ना? मंग त्याच्यापाशी जात असन."

मला काही कळेना. मी दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हो, ही सर्व्हरची रीत आहे. ऑफिसातलं मशीन कोणी उगाच बंद करू नये म्हणून ते कारण विचारतं. लाईट जाऊन बंद पडलं तरी दुसऱ्या वेळी चालू केल्यावर विचारतं, काय झालं होतं. आणि ते तारखेसह आत लिहून ठेवतं. कुठं पाहायचं तेही त्यानं सांगितलं.

भिया, सहा वर्षांचं आहे सगळं. चौथी शिकलेला आपला बा, एका बोटानं. आधी बहुतेक मशीनलाच सांगायचा, मग हळूहळू तुला सांगायला लागला. सगळं उतरवणं जमलं नाही, थोडं देते. आहे तसंच देते.

"लाईट गेली. मी काही केलं नाही."

"पाऊस येऊन राह्यला. वाळवण उचलतो."

"जेवाले चाललो."

"वीरेंद्रा तुह्या याडीचं वर्षाचं झालं आज. नानीबाईनं सैपाक केला. तुह्यासाठी एक ताट काढलं होतं."

"यंदा ऊसतोडीले गेलो नाही. हात उचलत नाही. तू काळजी करू नको."

"शिरपूरच्या बसमधी तुह्यासारखा पोरगा दिसला. तू नव्हता."

"तूर चांगली हाये."

"आज काही कारण नाही. बसलो होतो. उठतो."

"तू वाचून राह्यला हे मले समजते. रागात माणूस बोलत नाही पण वाचते."

मागच्या वर्षापासून अक्षरं चुकायला लागली. "डोळ" लिहून सोडलेलं आहे. एका ठिकाणी लिहिलंय, "दिसत नाही. अंदाजानं लिहितो, समजून घे." दिवाळीनंतरचं तर काही वाचताच येत नाही, नुसता अक्षरांचा ढीग. तरी प्रत्येक वेळी लिहिलेलं आहे. एकदाही रिकामं सोडलं नाही.

यातलं काहीही कधी या खोलीबाहेर गेलं नाही, हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तो अजून तसंच समजतो. आता तू वाचलंस, म्हणजे थोडं तरी खरं झालं.

नजर जायच्या आत एकदा येऊन जा. त्याच्यासाठी. मी त्या दिवशी बहिणीच्या नात्यानं समोर येणार नाही, पाहिजे तर नानीबाईकडं जाऊन राहीन.

निता


१९ डिसेंबर २०२४

भिया,

मागच्या पत्रात एक ओळ मी मुद्दाम उतरवली नव्हती. तू घरातून निघून गेलास, त्याच्या नवव्या दिवशीची आहे.

"वीरेंद्रा राग माह्यावर धर. निताले काही म्हणू नको."

ती मी तीनतीनदा वाचली. कारण मला सहा वर्षं वाटत होतं, बाला माहीत नाही.

आता सरळ लिहिते. याडीला वाशिमला भरती केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बा मला म्हणाला, "वीरेंद्राले फोन लाव, ये म्हणा." मोबाईल माझ्याकडंच होता. मी व्हरांड्यात गेले. फोन कानाला लावला आणि उभी राहिले. परत येऊन सांगितलं, "लागत नाही." मी नंबर लावलाच नव्हता.

याडी म्हणाली होती हे खरं आहे. "त्याची परवा मुलाखत हाये, त्याले सांगू नका, काविळीनं कोणी मरते काय." पण मी तिच्या सांगण्यावरून थांबले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी माझ्यासाठी थांबले. तू म्हणाला होतास, नोकरी लागली की निताला पुण्याला नेतो, कॉलेजात टाकतो. बारावीचा निकाल मी ट्रंकेत तांब्याच्या गडव्यात ठेवला होता. मला वाटलं, हा मधेच निघून आला आणि नोकरी हुकली, तर मी इथंच राहिले. सतरा वर्षांची होते. याडी चार दिवसांत घरी येईल, अशी मला खात्री होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तू पोचलास तोवर राख थंड झाली होती. तू बाची गचांडी धरून विचारलंस, "मले काहून नाही बोलावलं?" मी दाराच्या मागं होते. माझं तोंड उघडलं होतं, भिया. पण बानं आधीच सांगून टाकलं, "मीच म्हणलं, कायले बोलावता." आणि तू गेलास. मग रोज वाटायचं, उद्या लिहीन. पहिल्या पत्रातसुद्धा मी त्याचीच चूक लिहिली. तेव्हाही हात थांबला नाही.

काल मी त्याला विचारलं, "बा, तुले कवा समजलं?"

"दवाखान्यातच. दारातून दिसत होतं मले. तू फोन कानाले लावला, पण बोटानं काही दाबलं नव्हतं."

"मंग बोलला काहून नाही?"

तो म्हणाला, "मले बी वाटलं, उद्या घरी जाऊ. मीबी दुसऱ्याचा फोन मागू शकत होतो ना. नाही मागितला. आन मंग ते गेल्यावर तुह्या डोक्यावर काय ठेवू? तू लेकरू. त्याचा राग मी उचलू शकत होतो, तू नसती उचलू शकली."

तेव्हा हा राग माझा आहे. जिथं ठेवायचा तिथं ठेव. बाकडून मात्र काढून घे.

निता


२ फेब्रुवारी २०२५

भिया,

तू सुखरूप पोचलास, असं राजपालनं सांगितलं. तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहून टाकते, मग मन मोकळं होईल.

तू फाट्यावर उतरलास ते मी दुरून पाहिलं. आम्ही तुरीच्या शेतात होतो, बा बांधावर बसला होता. तू धुऱ्याच्या पायवाटेवरून येत होतास आणि मागं सगळं धुकं होतं, दहा वाजले तरी विरलं नव्हतं. तू चालत येतोस की तरंगत, हे कळत नव्हतं. मला वाटलं, मी कामाच्या गुंगीत काही पाहते आहे. म्हणून बाला सांगितलं नाही. तूच जवळ येऊन "बा" म्हणालास.

त्यानं तुझं तोंड दोन्ही हातांत धरलं ना, आणि इकडून तिकडं फिरवत राहिला, तेव्हा तू दचकलास. तुला वाटलं असेल, तो रडतोय. तो रडत नव्हता, भिया. त्याच्या नजरेत एवढंसं मावतं. तो तुला थोडा थोडा पाहत होता. आधी कपाळ, मग एक डोळा, मग नाक, हनुवटी, कान. सगळं झाल्यावर म्हणाला, "पुरा आला."

घरी त्यानं विचारलं, "लिहिलेलं वाचत होता ना?" मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच थांबले. तू म्हणालास, "वाचलं, बा. सगळं वाचलं." त्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी राहीन. आणि याडीचा व्हिडिओ तू त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिलास, ते फार बरं केलं. आता शेतातही लावतो. नानीबाई वैतागली आहे.

दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. मी नानीबाईकडं जाऊन राहते म्हणाले होते, पण बानं जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आपण तूर झोडत होतो. बा घरी होता. तू काठी थांबवली नाहीस, माझ्याकडं पाहिलं नाहीस.

"एक फोन कराचा होता, निते."

"हो."

"एक."

"हो, भिया."

मग तू झोडत राहिलास आणि मी शेंगा पुढं सरकवत राहिले, दिवस कलेपर्यंत. तुझ्या कपाळावर तुरीचा भुसा चिकटला होता. पुसावा वाटलं. पुसला नाही. तू मला माफ केलं की नाही, हे मला कळलं नाही आणि मी विचारणारही नाही. पण तू माझ्या बाजूला उभा राहून काम केलंस. सहा वर्षांत मला एवढ्याचंही स्वप्न पडलं नव्हतं.

आता शेवटचं. बस निघाली तेव्हा तुझी काच धुळीनं माखलेली होती आणि ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं. बा रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा होता. बस मालेगावकडं वळली, तो मात्र सरळ समोर, पळसाच्या झाडाकडं हात करत होता. मी त्याचा खांदा धरून वळवला, तोवर बस उतार उतरून गेली होती.

त्यानं विचारलं, "हात केला का त्यानं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तोंडात आलं होतं.

मी म्हणाले, "मले दिसलं नाही, बा."

"बरं," तो म्हणाला. आणि हात थोडा वेळ तसाच वर ठेवला. मग आम्ही घराकडं निघालो.

केला होतास का? एवढं कळव. मी त्याला वाचून दाखवीन.

तुझी बहीण,
निता